क्रोम सोडू का नको? फायरफॉक्स, एज आणि ब्रेव्ह समोरासमोर

"बेस्ट ब्राउझर कुठला" हा प्रश्न आधी सोडून द्या, कारण त्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या सवयीवर ठरतं आणि वाद घालून कुणी ब्राउझर बदललाय असं मी तरी अजून बघितलेलं नाही. दोन गोष्टी स्वतःला विचारा. जाहिरात अडवायची का नाही हे कुणी ठरवावं, तुम्ही का ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने? आणि तुमचे सगळे पासवर्ड आत्ता कुठे पडलेत?

बाहेरून नावं डझनभर दिसतात पण आत इंजिनं, म्हणजे साइटचा कोड वाचून पान स्क्रीनवर मांडणारा भाग, मोजून तीन. गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट (सफारीतलं) आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. क्रोम २००८ साली आलं तेव्हा ते पण वेबकिटवरच चालायचं, मग २०१३ मध्ये गूगलने त्याला फाटा फोडून ब्लिंक केलं, ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचं इंजिन टाकून देऊन हे घेतलं, आणि शेवटी मायक्रोसॉफ्टने पण हात टेकले, जानेवारी २०२० पासून एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे त्या खुल्या कोडवर, आलं. ब्रेव्ह, विवाल्डी सगळे तिथलेच. त्यामुळे "अरे एज टाक, क्रोमपेक्षा लई फास्ट आहे" असं कुणी सांगितलं तर हो म्हणा आणि सोडून द्या. आणि ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीस टॅब उघडून ठेवले तर कुठलाही ब्राउझर रडणारच, फायरफॉक्स पण.

आता जाहिरातींचं. आधी यूब्लॉक ओरिजिनसारखं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) सोसायटीच्या वॉचमनसारखं काम करायचं, गेटवर उभं राहून प्रत्येकाला बघायचं आणि नको त्याला तिथूनच परत पाठवायचं. गूगलने मॅनिफेस्ट व्ही ३ नावाचे नवीन नियम आणले, त्यात एक्स्टेन्शनने आधीच यादी करून द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार, यादी किती लांब असावी हेही ब्राउझरच ठरवणार. गूगल म्हणतं सेफ्टीसाठी केलं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही, कारण प्रत्येक पानावरची प्रत्येक हालचाल बघणारं एक्स्टेन्शन उद्या भलत्याच्या हातात गेलं तर खेळ खल्लास. पण जाहिरातींवर पोट भरणारी कंपनी ॲडब्लॉकरचे नियम लिहितेय हे पण विसरू नका. २०२५ मध्ये क्रोमवर जुनं यूब्लॉक ओरिजिन बंद झालं, त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मात्र जुनं पूर्ण चालतं.

लॅपटॉपवर लाइटने बऱ्याच जणांचं भागतं, खोटं कशाला बोला. खरा फरक फोनवर पडतो. अँड्रॉइडवरच्या क्रोमला एक्स्टेन्शनच नाहीत, फायरफॉक्सला आहेत, आणि डिसेंबर २०२३ पासून तर बरीच मिळतात. कुठलीही मराठी बातम्यांची साइट फोनवर उघडून बघा, दुसरा पॅरा वाचेपर्यंत वर एक बॅनर लोड होतो, अख्खं पान खाली सरकतं, तुम्ही "पुढे वाचा" वर टाकलेलं बोट पर्सनल लोनच्या जाहिरातीवर पडतं, तिथून बॅक मारून आलात की नोटिफिकेशन चालू करू का म्हणून विचारतं, आणि तेवढ्यात कोपऱ्यात कुणाचा तरी व्हिडिओ आपोआप सुरू झालेला असतो. फायरफॉक्स टाकून त्यात यूब्लॉक ओरिजिन घातलं की हेच पान नुसता मजकूर आणि फोटो होऊन समोर येतं. अँड्रॉइडवाल्यांनी बाकी काही नाही तरी एवढं करावंच असं माझं मत.

ब्रेव्ह हे काम अजून सोपं करतं, ॲडब्लॉकर आतच बसवलेला आहे त्यामुळे एक्स्टेन्शनच्या नियमांचा त्याला फरक पडत नाही. टाकलं की चालू, सेटिंगमध्ये शिरायची गरज नाही, आईवडलांच्या फोनसाठी झकास. बनवणारा ब्रेंडन आइक, म्हणजे १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट लिहिणारा आणि मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक, त्यामुळे कामात कच्चं नाही. पण क्रिप्टोचं लचांड मागे आहे, वॉलेट, रिवॉर्ड, टोकन, हे सगळं पहिल्याच दिवशी लपवून टाकावं लागतं. आणि २०२० मध्ये ॲड्रेस बारमध्ये क्रिप्टोच्या साइटचं नाव टाइप केलं की हे गुपचूप स्वतःची कमिशनवाली लिंक जोडतंय असं उघडकीला आलं होतं, नंतर काढलं त्यांनी, पण "आम्ही तुमच्या प्रायव्हसीचे राखणदार" म्हणणाऱ्याने हे करावं म्हणजे कमालच.

एजला लोक नावं ठेवतात आणि ठेवायला जागा पण भरपूर आहे. उघडलं की बातम्यांचा बाजार, खरेदी करताना मध्येच कूपन, आणि क्रोम डाउनलोड करायला गेलात तर "कशाला जाताय" असा बोर्ड घेऊन आडवं येतं. तरी दोन कामांत त्याला तोड नाही. एक, मराठी वाचून दाखवणं. कुठलाही मराठी लेख उघडा, कंट्रोल शिफ्ट यू दाबा, आरोही किंवा मनोहर यातला एक आवाज निवडा, आणि डोळे मिटून ऐका, जोडाक्षरं पण नीट म्हणतात, नेट मात्र चालू लागतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या कुणाला हे लावून द्या, दुवा देतील. दुसरं, इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये रिटायर झालं पण त्याच्यासाठी बनवलेले जुने पोर्टल ऑफिसांमधून काही रिटायर झाले नाहीत, त्यांच्यासाठी एजमध्ये आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे आणि निदान २०२९ पर्यंत तो ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. अशा ऑफिसात असाल तर तुमची चॉइस आधीच झालेली आहे.

ज्यांना एकाच साइटवर दोन-तीन नावांनी लॉगिन करावं लागतं, म्हणजे सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिपवाली पोरं किंवा दुकानाचा जीमेल वेगळा आणि घरचा वेगळा असणारे, त्यांच्यासाठी फायरफॉक्सचे कंटेनर बघाच. क्रोममध्ये प्रोफाइल असतात, चांगले असतात, पण प्रत्येकाची खिडकी वेगळी, मग खाली टास्कबारवर चार सारखेच गोळे आणि कुठल्या गोळ्यात कुठला क्लायंट हे शोधण्यात वेळ. फायरफॉक्सला मल्टी अकाउंट कंटेनर्स हे मोझिलाचंच एक्स्टेन्शन टाकलं की एकाच खिडकीत निळ्या टॅबमध्ये एक क्लायंट, हिरव्यात दुसरा, दोघांचं लॉगिन एकमेकांत मिसळत नाही. यासाठी इनकॉग्निटो वापरणारे खूप आहेत, पण खिडकी बंद केली की लॉगिन गेलं. शिवाय इनकॉग्निटो तुम्हाला फक्त घरातल्यांपासून लपवतं, साइटपासून आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून नाही. यावरून अमेरिकेत गूगलवर केस झाली होती आणि २०२४ मध्ये तडजोडीत जमवलेला डेटा नष्ट करायचं त्यांनी कबूल केलं.

फायरफॉक्सचं रडगाणं पण सांगितलं पाहिजे. काही परीक्षांची आणि बँकांची पोर्टल त्याला बघून तोंड फिरवतात, "कृपया क्रोम वापरा". आणि मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं, सर्च गूगलचं ठेवण्याचे पैसे. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने सर्चमधली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली तेव्हा सगळ्यात जास्त धडकी भरली ती फायरफॉक्सवाल्यांनाच. सप्टेंबर २०२५ च्या निकालात क्रोम विकायची सक्ती झाली नाही आणि असे पैसे द्यायला पण पूर्ण बंदी आली नाही, म्हणजे तूर्तास चूल पेटती आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने वापराच्या अटी अशा काही मोघम लिहिल्या की जुने चाहतेच अंगावर धावून गेले, मग शब्द बदलावे लागले. तेव्हा इथे पण संत कुणी नाही.

आयफोनवाल्यांनो, तुमच्यासाठी हे सगळं पुराण जवळपास गैरलागू. भारतात आयफोनवर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचंच. त्यामुळे सफारी ठेवा, त्यात एखादा चांगला ब्लॉकर टाका, आणि लॅपटॉपवर जो ब्राउझर आहे त्याचे बुकमार्क फोनवर हवे असतील तरच दुसरं घ्या. विवाल्डी हे ज्यांना दर रविवारी सेटिंग बदलत बसायला आवडतं त्यांच्यासाठी, मला आवडतं, इतरांना आग्रह नाही. झोहोचं उला भारतीय म्हणून बघणारे बरेच आहेत, २०२५ मध्ये सरकारी स्पर्धेत पहिलं पण आलं, कामाचा, घरचा, मुलांचा असे वेगवेगळे मोड छान आहेत, इंजिन मात्र क्रोमियमच.

आणि क्रोम? वाईट अजिबात नाही. सगळ्या साइट आधी त्यावरच तपासल्या जातात त्यामुळे काही अडत नाही, परक्या भाषेतलं पान एका क्लिकमध्ये मराठीत मिळतं, अँड्रॉइडशी पासवर्ड आपोआप जुळलेले. घरात जाहिरातींचा त्रास कुणालाच नसेल तर मुद्दाम सोडायचं कारण नाही. माझा कल मात्र असा, लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर रोजच्याला फायरफॉक्स, आणि अडेल त्या पोर्टलसाठी क्रोम किंवा एज बाजूला असू द्या. दोन ब्राउझर ठेवले म्हणून कुणी दंड करत नाही.

बदलणार असाल तर पासवर्ड आधी हलवा. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये एक्स्पोर्ट आहे, त्यातून सीएसव्ही फाइल निघते, ती फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावर इम्पोर्ट करायची. मग फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोफिलसाठी गूगलच्या जागी फायरफॉक्स निवडा, नाहीतर ब्राउझर बदलला तरी ॲपमधले पासवर्ड जुन्याच ठिकाणाहून येत राहतील. ती सीएसव्ही फाइल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरात, एक्सेलमध्ये उघडली की दिसतात, तेव्हा काम झालं की डाउनलोडमधून उडवा, रिसायकल बिन पण रिकामं करा, आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचा विचार चुकूनही करू नका.