मोबाइल जमा करण्याचे कपाट: घेण्याजोगे, पण दार तपासून

मध्य मुंबईतील आमच्या मुलांच्या अनुदानित मराठी शाळेने नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे मोबाइल शाळेच्या वेळेत जमा करून घेण्यासाठी पालक-शिक्षक संघाच्या निधीतून ६० खणांचे लोखंडी कपाट बनवून घेतले. संघाची सदस्य या नात्याने त्याची चौकशी, खरेदी आणि पुढे त्याबद्दलच्या तक्रारी ही तिन्ही कामे माझ्याकडे आली. आणखी काही शाळा अशी कपाटे घेण्याच्या विचारात असल्याचे कानावर येते, म्हणून त्याचे गुणदोष थोडे सविस्तर लिहीत आहे.

शाळेत मोबाइलला बंदी पूर्वीपासून होतीच. ती डायरीतल्या नियमावलीत छापलेली होती आणि दप्तरात रोज मोडली जात होती. बाईंनी एखाद्या मुलाचा फोन काढून घेतला की तो टेबलाच्या खणात जाई, दुसऱ्या दिवशी पालक येत आणि काचेवरचा ओरखडा आधीचा की नंतरचा यावर वाद सुरू होई. ३५ मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटे अशा प्रकरणात घालवण्यापेक्षा बाकाखालच्या उजेडाकडे काणाडोळा करणे शिक्षकांना सोयीचे वाटू लागले होते, आणि त्यांना त्याबद्दल दोष देणे मला तरी योग्य वाटत नाही.

पालकसभेत एका गटाचे म्हणणे होते की फोन शाळेच्या फाटकातून आतच येऊ देऊ नये. मुंबईत हे बोलणे सोपे आहे, पाळणे अवघड. आमची कित्येक मुले कळवा-दिव्याहून लोकलने येतात, शाळा सुटली की परस्पर क्लासला जातात आणि आई-वडील दोघेही कामावर असल्याने घरी पोहोचेपर्यंत त्यांची खबरबात फोनवरूनच मिळते. पावसाळ्यात रुळांवर पाणी आले की काय होते, हे २६ जुलै २००५ अनुभवलेल्या पालकांना सांगावे लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मुले शाळांमध्ये अडकली. (त्या दिवशी मोबाइलचे जाळेही कोलमडले होते, याची आठवण सभेत कोणी करून दिली नाही.) दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये एका केंद्रीय विद्यालयाच्या प्रकरणात सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही असे म्हटले. वर्गात वापर नको, आणि शक्य असेल तेथे शाळेत येताच फोन जमा करून घेण्याची सोय असावी, असे त्या निकालाचे सूत्र आहे. वर्गातल्या बंदीबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ती पाळायची तर फोन त्या पाच-सहा तासांत नेमका कुठे राहणार याची व्यवस्था शाळेनेच केली पाहिजे.

कपाट साकीनाक्याच्या एका गाळ्यात तयार झाले. उंची चार फूट, रुंदी तीन फूट, २२ गेजचा पत्रा, राखाडी पावडर कोटिंग, सहा उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत दहा खण. जीएसटी धरून सुमारे १७ हजार रुपये पडले, टेम्पोभाडे वेगळे. प्रत्येक खणाला स्वतंत्र कुलूप असलेला प्रकारही दाखवण्यात आला होता, पण ६० चाव्या म्हणजे आठवड्याला एक तरी हरवणार आणि सकाळच्या घंटेआधी तिथे रांग लागणार, हे उघड होते. त्याऐवजी आम्ही सगळ्या खणांवर मिळून एकच मोठे दार आणि एकच कुलूप घेतले, आणि खणांवर हजेरी क्रमांक रंगवून घेतले. हा निर्णय पूर्णपणे योग्य ठरला. पन्नासएक मुलांचे फोन पाच-सात मिनिटांत जमा होतात आणि सुटताना तेवढ्याच वेळात परत मिळतात.

खणांमध्ये चार्जिंगची सोय करून देण्याचा आग्रह विक्रेत्याने धरला होता, तो आम्ही मानला नाही. हलक्या प्रतीचे पन्नास चार्जर आणि लिथियमच्या बॅटऱ्या बंद पत्र्याच्या पेटीत तासन्‌तास तापत ठेवणे मला धोक्याचे वाटते. मात्र फोन सायलेंटवर ठेवून चालत नाही, तो बंदच करून घ्यावा लागतो, हे पहिल्याच सकाळी लक्षात आले. उघड्या पत्र्यावर फोन व्हायब्रेट झाला की सगळे कपाट गुरगुरते आणि तो आवाज शेजारच्या शिक्षकखोलीपर्यंत जातो. नंतर खणांत रबराचे तुकडे बसवले.

आता दोष. पहिला मापाचा आहे. खणाची खोली सहा इंच, आणि आजचे मोठे फोन कव्हरसकट त्याहून लांब भरतात. असा फोन सरळ ठेवला की त्याचे टोक बाहेर राहते आणि दार लागत नाही, त्यामुळे तो तिरका घालावा लागतो. ऑर्डर देताना लागणारे माप मी गाळेवाल्याला लिहून दिले होते आणि त्याने ते पाळले नाही. बदलून द्यायलाही त्याने नकार दिला. शिवाय पावसाळा सुरू होताच खालच्या बिजागरीला गंज चढला. पावडर कोटिंग कोपऱ्यांत पातळ मारले होते, हे बिजागरी काढल्यावर दिसले.

दुसरा दोष दाराचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. दार पारदर्शक ॲक्रिलिकचे घेतले होते, हेतू हा की कोणता खण रिकामा आहे ते एका नजरेत कळावे. ते कळते, पण कोणाचा फोन चाळीस हजारांचा, कोणाचा आईचा जुना तडकलेल्या काचेचा, आणि कोणाकडे फोनच नाही, हेही येता-जाता साऱ्या शाळेला कळते. रोज तोच खण रिकामा दिसणाऱ्या मुलीने वर्गशिक्षिकांना स्वतःचा क्रमांक पुसून टाकण्याची विनंती केली, तेव्हा आम्ही आतून राखाडी कागद चिकटवला. गणवेशाने झाकलेली तफावत आम्हीच पैसे मोजून काचेत मांडली होती. रिकाम्या खणांची खातरजमा आता शिपाईमामा वहीवर करतात आणि त्यात काही अडत नाही. पळवाटा अर्थात राहतातच. एका खणात रोज इमानाने जमा होणारा फोन आजोबांचा कधीच बंद पडलेला बटणांचा हँडसेट निघाला.

कपाट कुठे ठेवावे, यावरही लिहिले पाहिजे. वर्गाच्या कोपऱ्यात ठेवले तर जिना चढ-उतार वाचते, पण आम्ही ते शिक्षकखोलीबाहेरच्या व्हरांड्यात, सीसीटीव्हीच्या समोर, भिंतीत बोल्ट मारून बसवले. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फोन बाकावर असताना लक्ष सर्वांत कमी आणि तो दुसऱ्या खोलीत असताना सर्वांत चांगले आढळले होते. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका स्पष्ट आला नाही, तरी फोन दृष्टीआड असण्याने तोटा काहीच नाही.

वर्गात पडलेला फरक शिक्षक सांगतात तो असा, की फोनवरून होणारी वादावादी थांबली आणि मागच्या बाकांवरून प्रश्न येऊ लागले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये इंग्लंडच्या ९१ शाळांचा अभ्यास केला, तेव्हा बंदीनंतर गुण वाढले आणि सर्वाधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, असे दिसले. आमच्यासारख्या शाळेला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा. कपाटाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ मधील ३० शाळांच्या अभ्यासात शाळेतील निर्बंधांमुळे मुलांचे मनःस्वास्थ्य सुधारल्याचे आढळले नाही आणि फोनवर जाणारा एकूण वेळही कमी झाला नाही. संध्याकाळी घरी काय चालते त्यावर व्हरांड्यातल्या कपाटाची सत्ता नाही, आणि शाळा स्वतःच गृहपाठ रात्री व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर पालकांनी तरी फोन काढून घ्यायचा कसा, हा प्रश्न मी सभेत विचारला; त्यावर अजून उत्तर आलेले नाही.

आठवीसाठी दुसरे कपाट घ्यायचे ठरले आहे, ते वेगळ्या कारागिराकडून. खणाची खोली आठ इंच, दार पत्र्याचे आणि त्याला वाऱ्यासाठी बारीक जाळी, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, खणांत रबर आधीच बसवलेले, आणि दोन चाव्या, एक शिपाईमामांकडे व दुसरी मुख्याध्यापकांच्या कपाटात. निम्मी रक्कम आगाऊ देऊ. उरलेली, शाळेत आणून ठेवलेल्या कपाटात सर्वांत लांब फोन सरळ ठेवून दार लावून पाहिल्यावर.