‘आजच सोडा मासे’ सांगून ६,१५० रुपयांना गंडवलं

मुंबईत स्टेशनबाहेर माशांची दुकानं असतात ना, त्यातल्याच एकाचा हा प्रताप. लेकीसाठी चार गोल्डफिश घेतले, १,००० रुपये. दोन फुटी टाकी ३,२००, फिल्टर ८५०, ‘जिवंत बॅक्टेरिया’ची बाटली ४५०. एकूण ५,५००. वर सात दिवसांची गॅरंटी, अर्थात तोंडी.

“ताई, ही बाटली ओता आणि आजच मासे सोडा.” साफ खोटं! माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश म्हणजे नुसती कोंडवाड्यातली गर्दी.

बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना तारीख. किमतीच्या जागी पांढरा स्टिकर. मी तो नखाने खरवडायला लागले, तर त्याने हसत हसत बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि पिशवीत टाकली. तिथेच पैसे परत मागायला हवे होते! राहून राहून तोच क्षण आठवतो आणि संताप होतो. पण भिंतभर टाक्या मांडून बसलेल्या माणसावर गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

आठवडा व्हायच्या आतच मासे वर येऊन धापा टाकायला लागले. त्यावर त्याने ६५० रुपयांचं निळं औषध गळ्यात मारलं. चारही मेले. मग म्हणे, “तुमच्या नळाला क्लोरीन आहे, गॅरंटी बाद.” अहो, पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच! मग अँटी-क्लोरीन आधी का नाही दिलं?

पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, “मासे मेले म्हणून तक्रार?” ग्राहक हेल्पलाइनवाल्यांना पक्कं बिल हवं. माझ्याकडे आकडे खरडलेली चिठ्ठी, आणि पैसे गेलेत कुणाच्या तरी खासगी नंबरवर. वॉर्ड ऑफिसात या खिडकीवरून त्या खिडकीवर, शेवटी “हे आमच्याकडे येत नाही.” मग येतं कुणाकडे? उद्या तो दुसऱ्या कुणाला तीच बाटली विकणार, तेव्हाही सगळे हात झटकणार?

मासा घेण्याआधी तो खाताना बघा. घरी आणल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, दिवा बंद ठेवा. मग अर्धा-पाऊण तास टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला. मासा जाळीने सोडा, दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट आधी घ्या, फिल्टरमध्ये जिवाणू वाढून दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा आणू नका. आणि पैसे दुकानाच्याच खात्यावर. पक्कं बिल देत नसेल, तर पोर कितीही रडलं तरी पिशवी काउंटरवर ठेवून निघा.