उंदरांमधली गाठ: चमक मोजायची की पेट करायचं? काही महिन्यांच्या वापरानंतर

ल्युसिफरेजची (काजव्याला चमकवणाऱ्या एन्झाइमची) चमक टिपणारा कॅमेरा आणि लहान प्राण्यांचा पेट-सीटी (टोचलेलं किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात कुठे जमलं ते दाखवणारा स्कॅनर), दोन्ही मशिनं बरेच महिने रोजच्या वापरात आहेत. ब्रोशरमध्ये नसतं तेवढंच लिहितेय.

मॉडेल ४टी१ चं. म्हणजे बाल्ब/सी उंदरांत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, त्यात ल्युसिफरेजचं जनुक घातलेलं. औषध डॉक्सोरुबिसिन, पुढे एक किनेज इनहिबिटर, म्हणजे पेशीला वाढीचे इशारे देणारी एन्झाइमं अडवणारं औषध. औषध लागू पडतंय का आणि ते किती लवकर कळतं, एवढंच बघायचं होतं.

रोजच्या राबत्याला कॅमेऱ्यासारखं दुसरं काही नाही. पोटात किलोमागे १५० मिलिग्रॅम ल्युसिफेरिन (ल्युसिफरेज ज्याच्यापासून प्रकाश काढतं ते द्रव्य), आयसोफ्लुरेनची भूल, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पाच उंदीर एकदम आत. निरोगी पेशींत ल्युसिफरेज नसतंच, त्यामुळे मागचा पडदा जवळजवळ काळा राहतो आणि हाताला न लागणारी गाठही दिसते. पण ऊतीच्या दर सेंटीमीटरला प्रकाश साधारण दहापटीने घटतो. म्हणून कातडीखालच्या गाठीचा आकडा फुप्फुसातल्या गाठीच्या आकड्याशी लावायचाच नाही. त्याच उंदराचा, त्याच जागेचा, मागच्या आठवड्याशी लावायचा. ४टी१ फुप्फुसात पसरतो, आणि मूळ गाठीच्या झगमगाटात तिथले ठिपके बुडून जातात. त्यावर उपाय अगदी गावठी आहे: मूळ गाठीवर काळ्या कागदाचा तुकडा ठेवून पुन्हा फोटो काढायचा. चालतो! काळ्या केसांच्या जातीचे उंदीर असतील तर मात्र आधी केस काढावे लागतात, काळा रंग प्रकाश गिळतो.

आता खरी गोम. ही चमक निघायला एटीपी (पेशीचं इंधन) लागतं, ऑक्सिजन लागतो आणि ल्युसिफेरिन पेशीपर्यंत पोचावं लागतं. गाठ मोठी झाली की तिचं पोट मरायला लागतं. मग कॅलिपरवर (गाठ बाहेरून मोजायच्या चिमट्यावर) माप वाढतं आणि चमक उतरते, तीही औषध न दिलेल्या गटात. हे ठाऊक नसलेला माणूस औषधाला शाबासकी देऊन मोकळा होतो. रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या औषधांतही तोच घोळ: ल्युसिफेरिनच आत पोचत नाही. किनेज इनहिबिटरांचं तर उलटंच. पेशीतला एबीसीजी२ पंप ल्युसिफेरिन बाहेर फेकतो. इमॅटिनिब, गेफिटिनिबसारखी औषधं तो पंप अडवतात, आणि एकही पेशी न वाढता चमक वाढू शकते. हे कळल्यापासून अशा औषधाचा निकाल मी नुसत्या चमकेच्या आकड्यावर देत नाही.

तिथे एफडीजी पेट कामाला येतं. एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली, ग्लुकोजसारखी साखर. गाठ कितीही खोल असली तरी अडचण नाही, आणि गाठ आकसण्याआधीच ग्लुकोजची ओढ कमी झालेली दिसू शकते. माणसांत, जठर-आतड्याच्या स्ट्रोमल ट्यूमरवर इमॅटिनिब दिल्यावर एफडीजीची ओढ २४ तासांत उतरल्याचं दिसलं आहेच. पण नखरे फार. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. सकाळी सातला मोजलेल्या डोसातला अकरापर्यंत जेमतेम २२ टक्के उरतो. त्यात एफडीजीची बॅच रद्द झाली तर उपाशी ठेवलेले उंदीर आणि आपण, दोघं एकमेकांकडे बघत बसायचं. पिंजरा उबदार नसेल तर खांद्यांमधली तपकिरी (ऊब तयार करणारी) चरबी स्कॅनवर अशी पेटते की गाठ शोधावी लागते. शेपटीच्या शिरेतलं इंजेक्शन जरा बाहेर गेलं की गाठीचा आकडा पडतो, म्हणून दर स्कॅनमध्ये शेपूट फ्रेममध्ये असलीच पाहिजे. दोनेक मिलिमीटरच्या गाठीचा आकडा असतो त्याहून कमीच येतो. उपचारानंतर जमलेल्या दाहाच्या पेशीही ग्लुकोज ओढतात, तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या उजळ गाठीवरून औषध हरलं असं लगेच म्हणू नका. टीएलडी बॅज (आपल्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा), शिशाच्या विटा, गादीचा भुसा १८ तास वेगळा ठेवणं, हे सगळं आलंच.

एकच मशीन परवडत असेल तर कॅमेरा घ्या आणि कॅलिपर सोडू नका. औषध चयापचयाला किंवा रक्तवाहिन्यांना हात घालणारं असेल, तर निवडक उंदरांचं पेट बाहेरून करून घ्या. दोन्ही एकाच दिवशी करायची वेळ आली तर कॅमेरा आधी. एफडीजी टोचलेला उंदीर स्वतःच चेरेन्कोव्ह प्रकाश (किरणोत्सर्गी कणांच्या वेगामुळे ऊतीत निघणारा उजेड) सोडतो. तो फिकट असतो, पण फुप्फुसातले बारके ठिपके मोजायच्या दिवशी तेवढाही नको असतो.