नऊ महिने हॉटेलात गव्हाशिवाय: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर रक्ततपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सिलिॲक असल्याचं ठरलं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला सोसत नाही. गहू, जव आणि राय (गव्हाच्या जातीचं धान्य, मोहरी नव्हे) बंद. थोडे दिवस नाही, कायमचं. घरचं पंधरवड्यात मार्गी लागलं. आम्ही सोलापूरकडचे, ज्वारीची भाकरी काही नवी नाही. पण कामामुळे आठवड्यातून दोनदा तरी बाहेर जेवावं लागतं, आणि ते गणित बसायला नऊ महिने गेले. अजूनही पूर्ण बसलेलं नाही.

सुरुवातीला घोळ झाला तो शब्दाचा. "ग्लुटेन-फ्री काय आहे?" असं विचारलं की पुण्यातल्या अर्ध्या हॉटेलांत उत्तर यायचं, "मॅडम, आपल्याकडे सगळं प्युअर व्हेजच आहे." मग मी "मैदा नको" म्हणायला लागले. एका वेटरने मोठ्या अभिमानाने रोटी आणून ठेवली, "मैदा अजिबात नाही, पूर्ण गव्हाची आहे!" "गहू नको" म्हटलं तर पोळी जाते आणि उपमा येतो, कारण ऑर्डर घेणाऱ्याच्या हिशेबात रवा हा गहू नसतोच. आता एका दमात सांगते: "दादा, गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, काहीच चालत नाही. पोटाचं दुखणं आहे." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते नसेल तर बाई डाएटवर आहेत असं समजून कोणी मनावर घेत नाही.

रव्यावरून उलटी गंमतही झाली. उडपी हॉटेलात "इडलीत रवा आहे" ऐकून मी दोन महिने इडली सोडली. तो इडली रवा निघाला, म्हणजे तांदळाचाच. रवा इडली आणि रवा डोसा वेगळे, ते गव्हाचे. साध्या डोशातही कुरकुरीतपणासाठी कोणी मूठभर रवा टाकतं, तेव्हा विचारलेलं बरं.

खरा चोर हिंग. बाजारातला डबीतला हिंग म्हणजे नुसता हिंग नव्हे. त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. वरण, सांबार, बटाट्याची भाजी, फोडणीची मिरची, सगळीकडे तो. ऑफिसजवळच्या हॉटेलातल्या अण्णांना मी हिंगाचा डबा दाखवता का म्हटलं, तर ते आतून घेऊन आले, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचायला लागले आणि एकदम थांबले. "गव्हाचं पीठ? वीस वर्षं टाकतोय मी हे." तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. पण हॉटेलला तो आणा म्हणणार कोण? चिमूटभराने काय होतंय असं मलाही वाटायचं. डॉक्टरांना वाटत नाही.

यातून वाट सापडली ती एकादशीला, आणि मला तिचं अजून हसू येतं. उपासाचं! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, दाणे, बटाटा, रताळं: यात गहू नाही. फोडणी तूप-जिऱ्याची, कारण हिंग उपासाला चालत नाही. म्हणजे दोन्ही दुखणी एका ताटात मिटली. शिवाय "ग्लुटेन" न कळणाऱ्या माणसाला "उपासाला धान्य लागलेलं चालत नाही" हे बरोबर कळतं. लहानपणी आई गिरणीवाल्या काकांना बजावायची, "उपासाची भाजणी आहे, धान्यावर दळू नका." तीच शिस्त मला हवी होती. एरवी नास्तिक असलेली मी आता मंगळवारीसुद्धा "उपासाची भांडी वेगळी आहेत ना?" असं विचारते आणि उपासाची मिसळ मागवते. फक्त साबुदाणा वडा सांभाळून. एकादशीला कढई वेगळी असते, इतर दिवशी तो समोशाच्याच तेलात डुबकी मारून येतो. आणि आठवड्यातून दोनदा साबुदाणा खाऊन पित्त होतं, तेही सांगून ठेवते.

भाकरीने मात्र माझी निराशा केली. ज्वारीत ग्लुटेन नाही, हे खरं. पण हॉटेलचं पीठ येतं त्या गिरणीत गव्हावर ज्वारी दळलेली असते, पोळ्या त्याच तव्यावर भाजतात, आणि सवय नसलेला कारागीर भाकरी थापता येईना म्हणून त्यात कणीक मिसळतो. अशी भाकरी हाताला कळते: गार झाली तरी मऊ, आणि मोडायला गेलं की किंचित ताणते. ज्वारीची भाकरी ताणत नाही, तुटते. सोलापूरला कडक भाकरी विकणाऱ्या बाईंना विचारलं, त्या घरच्या जात्यावर फक्त ज्वारीच दळतात. वीस घेऊन आले. पातळ, कुरकुरीत, आठवडाभर टिकल्या. दोन पर्समध्ये ठेवते आणि हॉटेलात रस्सा तेवढा मागवते.

बाकी थोडक्यात. चायनीज विसरा, सोया सॉसमध्येच बहुधा गहू असतो. तंदुरी चिकन ज्या भट्टीत, त्याच भट्टीत रोट्या. थालीपीठाच्या भाजणीत बऱ्याचदा गहू असतो. गोडात श्रीखंड, बासुंदी, उकडीचे मोदक ठीक. पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको, असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. मी ते पाकिटावर बघते, मेनूवर वाचून विश्वास ठेवत नाही. एका महागड्या कॅफेत ग्लुटेन-फ्री पिझ्झा खाल्ला, आत डोकावले तर त्याच ओट्यावर मैदा उधळलेला. पुढचे तीन दिवस विचारू नका.

सगळ्यात चांगली जेवले मालवणला. आंबोळी, घावणे, तांदळाची भाकरी, सोलकढी, जणू माझ्याचसाठी. कोंबडी-वड्यांतले वडे सोडले, पिठात गहू होता. मासे मात्र रव्यात घोळवून तळतात. खानावळवाल्या वहिनींना चाचरत सांगितलं, तर म्हणाल्या, "मगे काय झाला, तांदळाच्या पिठात तळतंय." सुरमई आली, वर नारळाच्या रसातल्या शिरवळ्या आल्या, त्याही तांदळाच्या. पहिला घास तोंडाशी नेला आणि आठवलं, तव्याचं विचारायचं राहिलं. माझा हात थांबलेला त्यांनी आतून पाहिला असावा.

"खा गो बाय, तवो धुतलो!"