नाव मिलिटरीचं, आत दीड पेर लोखंड

सैन्यातल्या भरतीचं पत्र हातात पडलं आणि न्यायच्या सामानाची यादी करायला बसलो, तर पहिल्या ओळीत मी लिहिलं 'चाकू'. मोजे, सुईदोरा, पायाला लावायची पावडर, सगळं त्याच्या खाली. यावरून माझी तेव्हाची अवस्था कळावी. अशा माणसाला फसवायला फार हुशारी लागत नाही.

ऑनलाइन जाहिरात बघून मी पुरता पाघळलो. काळंकुट्ट पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीच्या झाकणात होकायंत्र, आत काड्या, गळ आणि दोरा. नावापुढे 'मिलिटरी ग्रेड', पात्यावर कोरलेलं 'सर्जिकल स्टील ४४०'. खाली कौतुकाचा पाऊस. आता आठवतं, ते सगळे 'पॅकिंग छान, वेळेत मिळालं' असंच म्हणत होते. त्याने काय कापलं, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

खोकं आलं, आरशासमोर उभा राहून कमरेला लावून पाहिलं, समाधान झालं. पहिली शंका होकायंत्रानेच आणायला हवी होती. चाकू म्यानातून काढून जवळ नेला की सुई वळायची. इतकं लोखंड शेजारी असल्यावर दुसरं काय होणार! मी मात्र ते झाकण काढून लांब धरायला शिकलो आणि स्वतःलाच हुशार समजलो.

मैदानी सरावात खासगी चाकू चालेल का, हे मी रीतसर विचारून घेतलं होतं. (हे तुम्हीही विचारा. सगळीकडे चालतंच असं नाही, आणि जप्त झालेला चाकू परत मिळेलच असंही नाही.) दोन दिवस दोऱ्या कापल्या, पाकिटं फोडली. तेवढ्यातच धार गेली. दगडावर घासली की यायची, तासाभरात परत जायची. तिसऱ्या दिवशी ओल्या जमिनीत तंबूची एक खुंटी मोडली, म्हणून फांदीची नवी करायला घेतली. आधी पाठीवरची करवत चालवून पाहिली. खऱ्या करवतीचे दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना थोडे फाकवलेले असतात, त्यामुळे ती खाचेत अडकत नाही. हे दात नुसते सरळ रेषेत कापून काढलेले. दोनचार ओढीत पातं गच्च रुतलं. मग धार लाकडावर ठेवली आणि वरून दुसऱ्या लाकडाने ठोकायला लागलो. चौथ्या की पाचव्या ठोक्याला 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला. मूठ माझ्या हातात, पातं फांदीत.

उपटून पाहिलं. पात्याच्या मागे बोटाच्या दीड पेराएवढी जीभ, टोकाला आटे, आणि आट्यांपाशीच सरळ तुटलेली. उरलेला तुकडा नटासकट मुठीत, भोवती पिवळट वाळलेला गोंद. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी मूठ घेतली, दुर्बीण लावावी तशी डोळ्याला लावली आणि म्हणाले, "काड्या ठेवायला जागा केली रे, पातं ठेवायला जागाच उरली नाही."

पात्याचा मुठीत शिरणारा जो भाग असतो त्याला टँग म्हणतात, आणि चाकूची खरी ताकद तिथे असते. मुठीच्या शेवटापर्यंत तेवढ्याच रुंदीने गेला तर फुल टँग. तो अरुंद असला म्हणजे चाकू वाईट, असं मात्र नाही. अमेरिकन मरीन सैनिकांकडे १९४२ पासून आलेल्या का-बार चाकूचा टँग अरुंदच आहे, पण तो चामड्याच्या चकत्यांतून आरपार जाऊन मुठीच्या टोकाच्या लोखंडी बोंडात पक्का बसवलेला असतो. माझ्या चाकूत आरपार जायला काही नव्हतंच.

मग उस्तादांनी कानस मागवली. नीट कडक केलेल्या पात्यावर ती बऱ्यापैकी घसरते. माझ्या पात्यावर ती पहिल्याच हाताला चावली, काळा रंग आणि लोखंडाचा कीस एकदमच खाली पडला. '४४०'चंही तसंच. ४४० हे स्टेनलेस पोलादाच्या एका गटाचं नाव, त्यापुढे ए, बी की सी हे अक्षर महत्त्वाचं. कार्बन जास्त तर पातं जास्त कडक करता येतं. ४४०ए मध्ये कार्बन साधारण ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. नुसतं ४४० लिहिलं असेल तर विकणारा अक्षर लपवतोय असं धरून चाला. 'सर्जिकल स्टील' ही पोलादाची ठरलेली प्रतच नाही. आणि चांगलं पोलाद पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करताना, बिघडवलं तर तेही मऊच राहतं. म्हणून प्रतीसोबत हार्डनेस, म्हणजे कडकपणा विचारा. तो रॉकवेल या मापात सांगतात. नेहमीच्या स्टेनलेस चाकूचा रॉकवेल ५६ ते ५८ च्या आसपास असला की कामाचा.

उस्तादांचा स्वतःचा चाकू पाहून मी तर खट्टू झालो होतो. पातं जेमतेम चार इंच, पाठ सपाट, दात नाहीत, खरखरीत मूठ, प्लास्टिकचं म्यान. म्यान उलटं धरून हलवलं तरी चाकू पडत नव्हता. माझ्या म्यानाचं बटण दुसऱ्याच दिवशी निघालं होतं. त्या दिवशी उरलेल्या सगळ्या खुंट्या त्याच चाकूने झाल्या.

विक्रेत्याला तुटलेल्या पात्याचे फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की परतीची मुदत संपली. मी हटलो नाही, तेव्हा त्याने जाहिरातीतलीच सगळ्यात खालची ओळ मला पाठवली: 'हे उत्पादन शोभेसाठी आहे.' वर 'मिलिटरी ग्रेड', खाली शोभेसाठी. पैसे गेले ते गेलेच.

परवा तोच चाकू पुन्हा दिसला. नाव नवीन, करवतीचे दात तेच, मूठ आता पोकळ नाही म्हणे, तिच्यावर तीन स्क्रू आणि ठळक अक्षरांत 'फुल टँग'. खऱ्या फुल टँगची लोखंडी पट्टी बहुतेक चाकूंत मुठीच्या वरच्या कडेला, मुठीच्या दोन बाजूंच्या आवरणांमध्ये दिसते. मी विकणाऱ्याला लिहिलं, मुठीचा वरून काढलेला एक फोटो पाठवा. त्याने खोक्याचा फोटो पाठवला. पुन्हा मागितला, तर म्यानाचा आला.