मोजे काळे पडले तेव्हा

नखं कापायला बसले होते. आमच्या मनी मांजरीच्या मागच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात कॉफी सांडल्यासारखा डाग दिसला. ओल्या कापसाने पुसला. जाईना. शाम्पू लावला, तरी तसाच. पुढच्या दोन महिन्यांत चारही पंजे तपकिरी झाले, आणि माझे ४५,००० रुपये कुठे गेले ते कळलं.

मला बर्मन जातीची मांजर हवी होती. निळे डोळे, गडद कान, तोंड, शेपूट, आणि चारही पंजांत पांढरेशुभ्र मोजे. मागच्या पायांना पांढरी पट्टी टाचेकडे वर चढत जाते. मांजरांच्या शोमध्ये एका जरी पंजाला मोजा नसला तरी मांजर बाद. मला शोही करायचे होते, पुढे पिल्लंही काढायची होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मांजराला कसला आलाय दाखला!" ते मी हसण्यावारी नेलं.

ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने खारघरला गेले. घरगुती ब्रीडर, अगदी अदबशीर माणूस. पिल्लू सहा आठवड्यांचं. "मोजे नीट कळत नाहीत हो," मी म्हटलं. "ताई, बर्मनची पिल्लं पांढरीच जन्मतात. रंग मागाहून चढतो."

हे शंभर टक्के खरं आहे, आणि मी फसले ती इथेच. पर्शियन आणि सयामीच्या संकरातून आलेल्या हिमालयनचीही पिल्लं पांढरीच जन्मतात. रंग शरीराच्या गार भागांवर चढतो, पण पायांवर उशिरा. त्या वयात हिमालयनचे पायही मोजे घातल्यासारखेच दिसतात. तीन महिन्यांचं होईपर्यंत थांबले असते तर फुकटात कळलं असतं. खऱ्या मोज्याची कड पंजावर ठसठशीत दिसते आणि पायाची गादी बहुधा गुलाबी राहते. आमच्या मनीची गादी आता चॉकलेटी आहे.

कागद मात्र झकास होते. तीन पिढ्यांची वंशावळ, सोनेरी शिक्का, कातडीखाली बसवलेल्या चिपचा पंधरा आकडी नंबर. आईला बघायचं म्हटलं तर "ती वाशीला भावाकडे असते." लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्कॅनर मानेवरून, खांद्यांवरून, पार पोटापर्यंत फिरवला. बीप नाही. कागदावर नाव असलेल्या संस्थेला ईमेल केला, तर त्या नंबरची मांजर त्यांच्या नोंदीतच नव्हती. हा ईमेल पैसे देण्याआधी करायचा असतो, आणि चिपही आधीच स्कॅन करून घ्यायची असते.

पिल्लांचा विचारही सोडला. मोज्यांचा जनुक आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही यावा लागतो. खरा बर्मन बोका आणला तरी मनीच्या पिल्लांना ते मोजे येणार नाहीत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. त्या ब्रीडरचा फोन बंद आहे. मनी माझ्याकडेच राहील, तिचा काय दोष? फक्त परवा एका ग्रुपवर तिच्याच लहानपणचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, "बर्मन, ६ आठवडे, उलवे."