बारावी सायन्सची पुस्तकं : नऊ महिने वापरल्यावर काय ठेवलं, काय पोत्यात गेलं

परीक्षा आटोपली तशी लेकीची सगळी पुस्तकं जिन्याखाली आली. पोत्यात भरायच्या आधी एकेक चाळत बसले आणि वाटलं, हे लिहून ठेवावं. मागच्या जूनमध्ये हीच खरेदी करताना मी दहा जणांना विचारलं होतं. दहाही जणांचं उत्तर एकच, "सगळं घेऊन टाका, बारावी आहे."

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण कोणतं पुस्तक कामाचं हे त्यावरच ठरतं. आम्ही पिंपळनेरचे, तालुका साक्री, जिल्हा धुळे. लेक दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात. अकरावीला सायन्स घेतलं आणि 'बला'चा फोर्स झाला, 'जडत्वा'चं इनर्शिया झालं. कॉलेज साक्रीला, रोज एसटीने जाऊन-येऊन. क्लास लावायचा तर धुळ्याला ठेवावी लागली असती. तिलाही नको होतं, आम्हालाही. मी बी.ए. मराठी, पतसंस्थेत कारकून. हे कांद्याची पिकअप चालवतात. सासूबाईंना अक्षरओळख नाही. म्हणजे फिजिक्सला हात देणारं घरात कोणी नाही. जी काय मदत व्हायची ती पुस्तकांचीच.

घेतलं ते असं: बालभारतीची पाठ्यपुस्तकं, त्यात गणिताचे दोन भाग, सगळ्या विषयांची डायजेस्टं, सरांनी सांगितले म्हणून एच. सी. वर्मांचे फिजिक्सचे दोन भाग; आणि सीईटीचा एक जाडजूड प्रश्नसंच. डायजेस्टांचेच दोन हजार आठशे झाले. त्या पैशांत पाठ्यपुस्तकांचे दोन संच आले असते. पाठ्यपुस्तकं तशीही ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण मोबाइलवर फिजिक्स वाचणं म्हणजे डोळ्यांची वाट. छापील घ्याच.

जून ते ऑगस्ट पाठ्यपुस्तक कपाटात आणि डायजेस्ट मांडीवर, असं चाललं. दोष तिचा नाही. डायजेस्टमध्ये प्रश्न, खाली उत्तर, महत्त्वाच्या ओळी ठळक. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या पोरीला ते सोपं वाटणारच. श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळं भाऊबंद जमलं, तेव्हा चुलतबहिणींची तीच तऱ्हा दिसली. रोट झाले, जेवणं झाली आणि ओटीवर चार पोरी चार डायजेस्टं घेऊन पाठांतराला बसल्या. मलाही बरं वाटलं, पोरी अभ्यास करताहेत म्हणून.

मग ते गणित निघालं. फिजिक्सचा पहिलाच धडा, फिरत्या वस्तूंचा. डायजेस्टमध्ये मागे 'अधिक सरावासाठी' म्हणून गणितं होती, त्यातलं एक: वळणाची त्रिज्या ४० मीटर, गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, तर रस्त्याला किती अंशांचा उतार द्यावा? उत्तर छापलेलं साडेपंच्याऐंशी अंश. लेकीने ते वहीत उतरवून, खाली दोन रेघा मारून पाठ केलेलं. संध्याकाळी ती मोठ्याने घोकत होती आणि हे नुकतेच नवापूरकडून गाडी खाली करून आलेले. चरणमाळचा घाट ह्यांच्या रोजच्या पायाखालचा. पाय धुता धुता म्हणाले, "साडेपंच्याऐंशी? मंग मी गाडी काय भितवर चालाडू का?"

लेक हसली आणि मग गप्प झाली. कपाटातून पाठ्यपुस्तक काढलं. सूत्र तेच होतं: उताराच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण (ते १० धरायचं). चूक एवढीच की डायजेस्टवाल्याने ७२ तसेच घेतले होते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० चा वर्ग ४००, खाली ४० गुणिले १० म्हणजे ४००, भागाकार १, आणि ज्या कोनाचा टॅन १ तो ४५ अंशांचा, म्हणून उतार ४५ अंश. पंचेचाळीससुद्धा खऱ्या रस्त्याला कोणी देत नाही, ते गणितापुरतं. पण साडेपंच्याऐंशी म्हणजे उभी भिंतच की. हे छापताना कोणाच्या डोक्यात आलं नाही आणि पाठ करताना आमच्या पोरीच्याही नाही. मला जास्त लागलं ते दुसरं. डायजेस्टच्या पानावर उत्तर इतकं लगेच खाली असतं की शंका यायला जागाच उरत नाही. पुढे वर्षभरात तिला अशा आणखी सात चुका सापडल्या, त्यातल्या तीन निव्वळ छपाईच्या.

त्याच धड्यात पाठ्यपुस्तकात मौत का कुआँ आहे. जत्रेतला, हो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजार बघून झाल्यावर आम्ही तो फळ्यांचा खड्डा वरून पाहिला होता. तेव्हा ही सातवीत असेल. पुस्तकात दिलंय ते असं: भिंत गाडीला आतल्या बाजूला ढकलते, तेच अभिकेंद्री बल. टायर आणि फळ्या यांच्यातलं घर्षण गाडीचं वजन पेलून धरतं. वेग कमी झाला की भिंतीचा दाब कमी, दाब कमी की घर्षण कमी, आणि गाडी खाली. लेकीने त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक ०.५ धरून सोडवलं. कमीत कमी वेग सेकंदाला १० मीटर आला, म्हणजे ताशी ३६. आणि वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं. गाडीवर एक बसो की दोन, वेग तोच लागतो. ह्यांना सांगितलं तर "छत्तीसच?" म्हणून परत परत विचारत राहिले. त्या रात्रीपासून पाठ्यपुस्तक मांडीवर आलं.

पाठ्यपुस्तकाचे दोषही सांगते. इंग्रजी सोपं नाही. धडे सोळा आणि काही इतके दाटून भरलेत की एका पानाला एक संध्याकाळ जाते. सोडवून दाखवलेली गणितं कमी. चौकटी मात्र छान आहेत, 'डू यू नो' आणि 'यूज युवर ब्रेन पॉवर' अशा नावाच्या. आपल्याकडे सगळे त्या सोडून देतात आणि खरी गंमत तिथेच असते. बांधणी कच्ची. दिवाळीपर्यंत फिजिक्सचा कणा उकलला, पानं सुटायला लागली. साक्रीच्या बाइंडरकडून रेक्झिनचा पुठ्ठा घालून घेतला, मग टिकलं. सल्ला असा की जूनमध्येच बांधून घ्या.

इंग्रजीवर आम्ही जो मार्ग काढला तो खरा सांगण्यासारखा आहे, आणि त्याला एक पैसा लागला नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता इंटरनेटवर आहेत. इंग्रजी शब्द टाकला की मराठी संज्ञा मिळते. ती संज्ञा घेऊन मराठी विश्वकोशात जायचं, तिथली नोंद वाचायची आणि मग पाठ्यपुस्तकाच्या त्याच परिच्छेदाला परत यायचं. पहिल्या वाचनात जे डोक्यावरून गेलेलं असायचं ते या फेरीनंतर निम्मंअर्धं तरी हाताला लागायचं. विश्वकोशात थेट शोधून भागत नाही, कारण नोंद कोणत्या मराठी नावाने आहे ते आधी ठाऊक लागतं. म्हणून कोश आधी.

अडचण आली ती वेगळीच. शाळेच्या पुस्तकात फोर्सला 'बल' म्हणतात, विश्वकोशात 'प्रेरणा'. लेकीने अर्धं पान वाचून मला हाक मारली, "मम्मी, हे फिजिक्स आहे की भाषण?" मलाही क्षणभर कळेना. मोमेंट ऑफ इनर्शियाला तिथे 'निरूढी परिबल' आहे. हे शब्द जड आहेत, नाही कशाला म्हणू. काही नोंदी जुन्याही झाल्यात. पण नोंद पायरी-पायरीने उलगडते, घाई करत नाही. परीक्षेसाठी लिहिलेली नाही, त्यामुळे विषय समजावून सांगणं एवढंच तिचं काम.

एकदा सहज तिला म्हटलं, या विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक आपल्या गावचे. तिचा विश्वास बसेना. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, जन्म १९०१, पिंपळनेर. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत गेले, तिथलेच झाले, आणि विश्वकोशाचा पहिला खंड त्यांच्या हाताखाली १९७६ साली निघाला. ज्या गावातून ही पोरगी मोबाइल वर धरून रेंज शोधत त्यांचा कोश उघडते, त्याच गावात त्यांचा जन्म. तिने त्यावर एवढंच विचारलं, "मग प्रेरणा ऐवजी बल ठेवायला काय झालं होतं त्यांना?"

पाठ्यपुस्तकाचे समास आता तिच्या पेन्सिलीने भरलेत. टॉर्कपुढे लिहिलंय, 'पप्पा पान्ह्याने नट आवळतात तो'. निरूढी परिबलापुढे, 'चाक फिरायला किती आढेवेढे घेतं ते'. मी फिजिक्स शिकलेली नाही, पण हे वाचून मला दोन्ही समजले.

बाकीचं भराभर. एच. सी. वर्मा पुस्तक म्हणून उत्तम, भाषा स्वच्छ, धड्याच्या शेवटचे विचार करायला लावणारे प्रश्न तर फारच चांगले. पण बोर्डाला आणि सीईटीला बसणाऱ्या, क्लास नसलेल्या मुलीला दोन्ही भाग झेपत नाहीत. आमच्याकडे चार प्रकरणं उघडली गेली. कोणाकडून महिनाभर मागून आणा. सीईटीचा प्रश्नसंच मात्र हवा. तिथे ऐंशी टक्के भार बारावीवर, वीस टक्के अकरावीवर, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. प्रश्न पाठ्यपुस्तकाच्याच पोटातून येतात, म्हणून आधी पाठ्यपुस्तक आणि मग प्रश्नसंच. डायजेस्टांवर अन्यायही नको करायला: केमिस्ट्रीचं चांगलं निघालं. सेंद्रिय अभिक्रिया एका ठिकाणी मांडून दिल्यात, मागच्या प्रश्नपत्रिका आहेत. शेवटच्या पंधरा दिवसांत तेच हाताशी होतं. कागद मात्र असा की मागच्या पानावरचं पुढे दिसतं.

मराठीच्या 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकाला सायन्सची मुलं हात लावत नाहीत. हिने एसटीत बसून वाचलं. त्यात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असा उपयोजित मराठीचा भाग आहे. नोव्हेंबरात आमच्या पतसंस्थेच्या ठेवयोजनेचं माहितीपत्रक करायचं होतं, ते मी लिहिलेलं हिने खोडून परत लिहिलं. साहेबांनी तेच छापलं. मी बी.ए. मराठी आहे हे पुन्हा सांगते.

आणि दोन जुनी पुस्तकं, जी यादीत नव्हतीच. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, टीव्ही बंद, त्यांना करमेना. म्हणून लेक रात्री जेवणानंतर वीस मिनिटं त्यांना वाचून दाखवायला लागली. घरात सासऱ्यांची गीता प्रवचने होती, पिवळी पडलेली. विनोबांनी ती धुळ्याच्या तुरुंगात सांगितली, १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अठरा रविवार अठरा अध्याय. आणि समोर बसून साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. समोरच्या माणसाशी बोलल्यासारखी वाक्यं आहेत, त्यामुळे न शिकलेल्या माणसालाही ऐकताना अडत नाही. सासूबाईंना गीतेपेक्षा धुळ्याच्या जेलचं अप्रूप जास्त. कोणता अध्याय कुठे संपला ते मात्र त्याच लक्षात ठेवायच्या, लेक विसरायची.

दुसरं बहिणाबाईंच्या कवितांचं. असोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. मला वाटलं, सासूबाई हरखून जातील. दोन कविता ऐकल्या आणि म्हणाल्या, "गोड शे. पन हाई आपली नही, जळगावकडनी बोली शे." बरोबरच होतं त्यांचं. पुणे-मुंबईकडचे सगळं सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतात. लेकीने त्यानंतर कवितेतला एकेक शब्द आपल्याकडे कसा म्हणतात हे सासूबाईंना विचारत विचारत पुस्तकाच्या समासात लिहायला सुरुवात केली. फिजिक्सची सवय इथेही.

या वीस मिनिटांचा मार्कांशी काय संबंध, ते मला माहीत नाही. एवढं दिसलं की ती मोठ्याने वाचायला लागली, ते इंग्रजी पाठ्यपुस्तकही. मोठ्याने वाचताना न कळलेलं वाक्य लगेच पकडीत येतं, म्हणते.

आता हिशेब. पाठ्यपुस्तकं ठेवली, समासांसकट. गणिताचा दुसरा भाग भाचा मागतोय, त्याला पीडीएफ घे म्हटलं. वर्मांचे दोन्ही भाग कॉलेजच्या लायब्ररीला. जुनी दोन पुस्तकं सासूबाईंच्या उशाशी आहेत. बारावा अध्याय चालू आहे. डायजेस्टं पोत्यात घालून रद्दीवाल्याने काट्यावर टाकली तर केमिस्ट्रीचं वगळून साडेसहा किलो भरली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या, त्यांची मुलगी यंदा बारावीला. "फिजिक्सचं तरी द्या ना ताई, नवं घ्यायला नको." नाही कसं म्हणणार? दिलं. देण्याआधी लेकीने लाल पेन घेतला, साडेपंच्याऐंशीवर फुली मारली आणि बाजूला लिहिलं: 'पप्पांना विचार.'